तीन मिलीमीटर

दसऱ्याच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला नीलव्वाच्या नावातलं पहिलं अक्षर गायब झालं. प्रिंटरमधून तिकिटाचा कागद बाहेर आला तो छान कोमट, गुळगुळीत. गाडीची वेळ ठीक, डबा ठीक, मुलाचं रेवणचं नाव ठणठणीत. त्याच्या खालच्या ओळीत तिचं नाव, आणि नावाच्या सुरुवातीला पांढरं भोक, उंदरानं कुरतडल्यासारखं. वरती गाडीच्या नंबरातलाही एक आकडा असाच खाल्लेला.

"गेलं," रेवण म्हणाला. असं म्हणताना माणसानं निदान चेहरा तरी पाडावा की नाही? ह्याचे डोळे चमकले. "अव्वा, शब्द आठवतोय ना?"

न आठवायला काय झालं! शब्द देणं ही नीलव्वाची जुनी खोड, आणि दिलेला पाळणं ही त्याहून वाईट. गेल्या पाडव्याला मशीन कागद ओढेना झालं होतं, तेव्हा रेवण बेंगळुरूहून आला आणि दोन दिवस तिच्या मागं भुणभुण लावून बसला. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बरं बाबा, पुन्हा एकदा हे बंद पडलं की शटर खाली, आणि मी तुझ्याकडं." तेव्हा तिला वाटलं, आता कुठलं बंद पडतंय.

एकतीस वर्षं तिनं हावेरीच्या सरकारी शाळेत गणित शिकवलं. शाळेतल्या बाईंना इकडं अक्कोरू म्हणतात, आणि एकदा अक्कोरू झालेली बाई मरेपर्यंत अक्कोरूच असते. नवरा बसलिंगप्पा. त्याची पिठाची गिरणी होती, तहसील कचेरीच्या बरोबर समोर, घराच्या पुढच्या खोलीत. तो गेला, गिरणी भंगारात गेली, आणि गिरणीच्याच सिमेंटच्या ओट्यावर नीलव्वानं निवृत्त झाल्या झाल्या हे मशीन आणून बसवलं. प्रिंट आणि झेरॉक्स दोन्ही काढणारं, काळं, जड. लोक कचेरीत अर्ज घेऊन येतात, कारकून म्हणतो नीट लिहून आणा, मग ते रस्ता ओलांडून अक्कोरूकडं. ती अर्ज लिहून देते, छापून देते, वर चार शब्द सुनावते. आणि मग तोच अर्ज नाकारायची कारकुनाची छाती होत नाही, कारण त्यानं लहानपणी तिच्या पट्टीचा प्रसाद खाल्लेला असतो.

असं सगळं सोडून बेंगळुरूला जाऊन करायचं काय? सातव्या मजल्यावरून खाली बघायचं?

"आजारी पडलंय ते," ती म्हणाली. "बंद कुठं पडलंय? बंद पडलेलं मशीन कागद बाहेर काढतं होय रे?"

"अव्वा, वकिली करू नको."

"वकिली नाही, व्याख्या. आजारी म्हणजे बंद नव्हे. उद्या एकची गाडी आहे. तोवर मला वेळ आहे."

रेवणनं हात जोडले. "बरं. उद्या अकरापर्यंत. कागदावर एक जरी ठिपका दिसला, तरी तू बॅग भरायची. आणि मग नवीन व्याख्या काढायची नाही."

"कबूल," नीलव्वा म्हणाली, आणि आपण पुन्हा शब्द दिला हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मुलगा वाईट नाही हो. फाल्गुनात ती न्हाणीघरात घसरून पडली होती आणि दोन तास तशीच पडून होती. शेजारची दानव्वा ताक मागायला आली म्हणून कळलं. रेवणला तर दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो रोज सकाळी फोन करतो आणि तिनं दोन घंटीत उचलला नाही तर त्याचा जीव वर खाली होतो. पण काळजी असणं वेगळं, आणि आईला पिशवीत घालून न्यायची घाई असणं वेगळं.

तिनं कोट्रेशला फोन लावला. कोट्रेश म्हणजे गावातला एकमेव मेकॅनिक ज्याला प्रिंटर उघडता येतो आणि परत बंदही करता येतो. पहिलं बऱ्याच जणांना येतं. पण कोट्रेश देवरगुड्डच्या जत्रेला गेलेला. फोनवर आधी ढोल आला, मग घंटा आल्या, मग शेवटी कोट्रेश आला.

"बोला अक्कोरं! दसऱ्याच्या शुभेच्छा!"

"शुभेच्छा राहू दे. कागदावर पांढरे ठिपके पडतायत. एकाखाली एक."

"अंतर किती दोघांत?"

हे मात्र कोट्रेशचं खरं शहाणपण. मशीनच्या पोटात सगळी रुळं असतात, लहान मोठी. एखाद्या रुळावर डाग पडला, की रूळ फिरेल तसा तो डाग कागदावर पुन्हा पुन्हा उमटतो. प्रत्येक रुळाचा घेर वेगळा, म्हणून प्रत्येकाचं अंतर वेगळं. अंतर मोजलं की चोर सापडला. नीलव्वाला हे त्यानं पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, आणि तिला इतका आनंद झाला होता, की एकतीस वर्षं मुलं विचारायची, 'अक्कोरं, हा परीघ शिकून उपयोग काय', त्याचं उत्तर आत्ता मिळालं, फार उशिरा, असं ती चार दिवस सगळ्यांना सांगत होती.

तिनं स्टीलची पट्टी काढली. हीच ती पट्टी. कडा झिजल्यात, पण आकडे शाबूत.

"अठ्ठ्याहत्तर मिलीमीटर. वर किंचित."

"पंचाहत्तर म्हणा. म्हणजे मधला रूळ, ड्रम, तो गेला."

"अठ्ठ्याहत्तर म्हणतेय मी."

"अक्कोरं, पट्टी जराशी इकडं तिकडं झाली असेल."

"कुणाची पट्टी?"

पलीकडं ढोल वाजत राहिले. चाळिशीतला कोट्रेश एकदम तिच्या पाचवीच्या वर्गात जाऊन बसला. मग तो चाचरत म्हणाला, "नाही म्हणजे, पट्टी बरोबरच असणार. पण त्या मशीनमध्ये अठ्ठ्याहत्तरचं काहीच नाही हो. जवळात जवळ पंचाहत्तर, तो ड्रम. आणि ड्रम असला तर..."

"तर काय?"

"तर त्या मॉडेलचा ड्रम आता बनत नाही. मी हुबळीला विचारून ठेवलंय मागंच. वाईट वाटतं सांगायला, पण आता..." आणि ढोलांनी कोट्रेशला गिळून टाकलं.

रेवण दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं माळ्यावरची मोठी बॅग काढून तिच्या खोलीत नेऊन ठेवली. शहाणा! बॅगेवरची धूळ मात्र पुसली होती.

दुपारी होळिगे, म्हणजे इकडची पुरणपोळी, झाली, भात झाला. काल खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर नीलव्वानं एवढं पुरण वाटलं होतं, की आज दोघंच खायला म्हणून ते संपता संपेना. रेवण जेवून लवंडला. नीलव्वाही आडवी झाली, पण डोळा लागेना. तीन मिलीमीटर तिला टोचत होते, अंथरुणात खडा असावा तसे.

पंचाहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर एक नव्हे. हे तिनं आयुष्यभर सांगितलं. 'जवळजवळ बरोबर' लिहिणाऱ्याला तिनं कधी अर्धा मार्क दिला नाही. एकदा रेवणलाच दिला नव्हता. वर्गात तो तिला अक्कोरू म्हणायचा, घरी आल्यावर अव्वा म्हणायचा आणि मग रडायचा. आज मात्र सगळे मिळून तिला जवळजवळवर पास करायला निघाले होते. ड्रम तर ड्रम, म्हणे!

चार वाजता ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली. ओट्यावर मशीन गप्प बसलं होतं, कपाळाला विभूतीची तीन बोटं, खाली झेंडूच्या पाकळ्या. तिनं शटर अर्ध्यावर ओढलं, मशीन चालू केलं, वरचं झाकण उघडंच ठेवलं आणि झेरॉक्सचं बटण दाबलं. झाकण उघडं असलं की त्याला कागद म्हणून नुसता अंधार दिसतो, आणि मग ते पानभर काळं ओततं. शाईची नासाडी होते म्हणून एरवी ती असं करणाऱ्याचा हात धरते.

पान बाहेर आलं काळंकुट्ट. आणि त्यावर डाव्या कडेला, एका ओळीत, पांढरे ठिपके. तिनं मोजले. दोन नव्हते. सात होते!

"अय्यो," नीलव्वा मोठ्यानं म्हणाली. "तिकिटावर त्या जागी अक्षरंच नव्हती!"

एवढं साधं. पांढऱ्या जागेवर पांढरा ठिपका दिसणार कसा? दोन ठिपक्यांच्या मधला एक तिकिटाच्या कोऱ्या जागेत पडला होता. म्हणजे अठ्ठ्याहत्तर हे अंतरच नव्हतं, ती दुप्पट होती. तिनं पट्टी लावली. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं तर चूक राहते, म्हणून पहिल्यापासून सातव्यापर्यंत मोजलं. दोनशे छत्तीस. भागिले सहा. एकोणचाळीस आणि वर तीन दशांश. त्याला तीन पूर्णांक चौदा शतांशानं भाग.

ती तोंडीच करत होती, आणि ओठ हलत होते, आणि तिला फार बरं वाटत होतं. फाल्गुनापासून तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"साडेबारा," ती म्हणाली.

"काय साडेबारा?" रेवण डोळे चोळत आला. "तू एकटीच कुणाशी बोलतेयस?"

"फोन लाव कोट्रेशला. आणि हे पान बघ. ड्रम नाही तो. ड्रम चोवीस मिलीमीटर जाडीचा आहे, त्याचा घेर पंचाहत्तर. चोर साडेबारा मिलीमीटर जाडीचा आहे."

रेवणनं पान घेतलं. तो कॉम्प्युटरमधला माणूस, दिवसभर बेंगळुरूत बसून दुसऱ्यांच्या चुका शोधतो. शोधायचं म्हटलं की त्याच्या हाताला खाज सुटते, मग चूक कुणाच्या बाजूनं निघेल हे तो विसरतो. त्यानं ठिपके मोजले, तिची पट्टी घेतली, पुन्हा मोजले.

"सातव्याच्या मध्यावर धर, कडेवर नको," नीलव्वा म्हणाली.

"दोनशे छत्तीस," रेवण म्हणाला, आणि नकळत हसला. मग आपण कुणाच्या बाजूचे ते आठवून हसू आवरलं. "पण ह्यानं काही सिद्ध होत नाही हं."

कोट्रेश ह्या वेळी सातव्या घंटीला सापडला. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो देवरगुड्डच्या टेकडीवरून ओरडत होता.

"साडेबारा? साडेबारा म्हणजे ट्रान्स्फर रोलर! शाईचं काडतूस बाहेर काढलं की खाली दिसतो. काळा, स्पंजासारखा. कागद त्याच्यावरून जातो."

"खराब झालाय?"

"एवढा लवकर होत नाही तो. काहीतरी चिकटलं असणार. अक्कोरं, ऐका, आधी वायर काढा. अर्धा तास थांबा, मागं भाजतं. काडतूस काढलं की लगेच काळ्या कापडात गुंडाळा, आतल्या ड्रमला उजेड सोसत नाही. आणि त्या स्पंजाला बोट लावायचं नाही! पाणी नाही, तेल नाही, स्पिरिट नाही. बोटाचा घामसुद्धा नाही. लागलं तर..."

पुन्हा ढोल.

"लागलं तर काय?" नीलव्वा ओरडली.

"लागलं तर मग मशीन खरंच..." आणि फोन कटला.

अर्धा तास म्हणजे अर्धा तास. नीलव्वानं घड्याळ लावून तो काढला. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि लोक बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन यायला लागले. 'बन्नी घ्या अक्कोरं, सोन्यासारखं राहू या.' जो येई तो आधी तिच्या पाया पडे, मग विचारी, "उद्यापासून दुकान चालू ना? आमचा वारसाचा अर्ज आहे." पाचवा माणूस हेच विचारून गेल्यावर रेवणनं दार लोटून घेतलं.

"हे सगळे माझ्याविरुद्ध पाठवलेस ना?"

"मी कशाला पाठवू? दसरा आहे."

"अव्वा." तो ओट्याच्या कडेला टेकला. "मला काय तुझं दुकान डोळ्यात खुपतंय का? तू पडलीस, आणि मी तीनशे किलोमीटरवर मीटिंगमध्ये बसलो होतो. मला अजून स्वप्न पडतं. दानव्वाला त्या दिवशी ताक नको असतं तर?"

पोरानं इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं. एरवी तो मशीन जुनं झालं, वीज महाग झाली, असली कारणं द्यायचा.

"तर मी तिसऱ्या तासाला स्वतःच उठले असते," ती म्हणाली, पण आवाज हवा तसा निघाला नाही. "चल. टॉर्च धर."

वायर काढली. पुढचं दार उघडलं. काडतूस दोन्ही हातांनी सरळ ओढून बाहेर काढलं, आणि रेवणनं ते तिच्या काळ्या परकरात गुंडाळून ठेवलं. परकर कुणाचा हे त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मग दोघं डोकं घालून आत बघायला लागले.

"तिथं," ती म्हणाली. "डावीकडं आण उजेड."

काळा मऊ रूळ दिसला. त्याच्या डाव्या टोकाजवळ काहीतरी पिवळं. रूळ जिथं बसतो त्या खोबणीत अजून दोन पिवळे कण. आणि खाली, कागद जिथून आत येतो त्या पत्र्यावर, आणखी पाचसहा.

नीलव्वानं चष्मा वर केला, खाली केला. मग सावकाश मान बाहेर काढली.

"रेवण."

"काय?"

"ह्या मशीनच्या पोटात अक्षता कशा गेल्या?"

टॉर्च हलला. आतला उजेड ड्रमच्या रिकाम्या जागेवरून छताकडं गेला आणि तिथंच राहिला.

"काल पूजा कुणी केली?" नीलव्वानं विचारलं. आवाज अगदी पाचवी ब मधला.

"मी."

"मी कुठं होते?"

"पुरण वाटत होतीस."

"आणि हे दार कुणी उघडलं?"

रेवण पस्तिशीचा घोडा. त्याच्या हाताखाली बारा माणसं काम करतात. तो नखानं ओट्याचं सिमेंट खरवडायला लागला.

"अप्पा घालायचे ना," तो म्हणाला. "गिरणीत. खंडेनवमीला मूठभर तांदूळ, वरून तोंडात. म्हणायचे, यंत्राला आधी आपण घास भरवायचा, मग ते वर्षभर उपाशी राहत नाही. मी तेच... जागाही तीच, हाच ओटा. कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि हात आपोआप तिकडं गेला. मूठभर नाही घातले. थोडेसेच. तूप लावलेले होते, चिकटले असतील."

नीलव्वानं पदर तोंडात कोंबला. पण काही उपयोग झाला नाही. ती ओट्याला धरून हसायला लागली, इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्म्याच्या काचा धुरकटल्या. बसलिंगप्पाची गिरणी ज्वारी दळायची, मिरची दळायची, मूठभर तांदूळ म्हणजे तिला काय! दात तरी लागायचे का? आणि ह्या बिचाऱ्या मशीननं तोच घास कालपासून तोंडात धरून ठेवला होता, गिळता येईना आणि थुंकता येईना.

"हस, हस," रेवण म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"अरे, पण," ती दम घेत म्हणाली, आणि तिचं हसू एकदम थांबलं. तिला काहीतरी दिसलं होतं, आणि तिनं ते तसंच बोलून टाकलं. "शटर पाडायचं म्हणून बेंगळुरूहून आलास. माझं तिकीट काढून आलास. आणि त्याच मशीनला वर्षाचा घास भरवलास?"

रेवण हातातला टॉर्च उगाच चालू बंद करायला लागला.

बाहेर कुणीतरी दार वाजवलं, बन्नी घेऊन आलेलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही. ते जे कुणी होतं ते थोडं थांबून गेलं.

"ते मला कळलं नाही," शेवटी तो म्हणाला. "घालताना एवढंच मनात आलं, की हे चालू राहू दे."

नीलव्वानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बापासारखीच पाठ, रुंद आणि वाकलेली. पण काम अर्धं होतं, आणि अर्धं काम टाकून रडत बसणाऱ्यातली ती नव्हती.

"टॉर्च सरळ धर," ती म्हणाली.

रुळावरचा दाणा म्हणजे अख्खा दाणासुद्धा नव्हता, कणी होती. तुपाहळदीनं स्पंजात रुतून बसलेली. बोट लावायचं नव्हतं. चिमटा लावला तर स्पंज फाटला असता. नीलव्वानं इकडं तिकडं बघितलं, पूजेच्या ताटातून विझलेली उदबत्ती उचलली, तिची काडी दातांनी चावून टोक चपटं केलं आणि कोरड्या फडक्यानं पुसलं. मग श्वास रोखून ती काडी कणीच्या खाली सरकवली. तो एकतीस वर्षं फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढलेला हात.

कणी सुटली. काडीच्या टोकावर बसून बाहेर आली.

बाकीचे दाणे रेवणनं कोरड्या ब्रशनं एकेक करून काढले. कणी धरून नऊ निघाले. "नऊच घातले होते का?" नीलव्वानं विचारलं. तो म्हणाला, घास मोजून भरवतात होय? मग मशीनला पुन्हा उलटंपालटं तपासणं आलं, आणि खोबणीत आणखी दोन सापडले. अकरा. बारावा नव्हता, हे दोघांनी तीनदा बघून ठरवलं.

काडतूस बसवलं, वायर लावली. झाकण उघडं ठेवून बटण दाबलं. पान काळं आलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळं. तरी नीलव्वानं ते खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं, आणि डाव्या कडेला एक पुसटसा, सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला. एकोणचाळीसनंतर आणखी एक.

"जवळजवळ गेलाय," रेवण म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

तुपाचा डाग उरला होता. तो पुसायचा नव्हता, कोट्रेशनं बजावलं होतं. मग? नीलव्वानं विचार केला. रूळ कागदावरच फिरतो ना? मग कागदालाच पुसू दे. तिनं कोऱ्या कागदांची चळत घातली आणि नुसती कोरी पानं त्यातून सोडत राहिली. वीस, तीस, चाळीस. प्रत्येक पान रेवण मागून उलटून बघे. तेविसाव्या पानापर्यंत पाठीवर पिवळसर झाक येत होती, मग ती दिसेनाशी झाली. तोवर होळिगे पुन्हा गरम करून खायची वेळ झाली होती.

सकाळी कोट्रेश जत्रेतून थेट दुकानात आला, पायात चिखल, कपाळभर भंडारा, खांद्यावर भंडारा, पापण्यांवरही भंडारा.

"तिथंच थांब!" नीलव्वा ओरडली. "हळद घेऊन मशीनजवळ येऊ नको! आधी तोंड धू!"

तो निमूटपणे तोंड धुऊन आला. काळं पान बघितलं, आदल्या दिवशीचं आणि आजचं. मग सात ठिपक्यांचं पान पट्टी लावून स्वतः मोजलं.

"मी ड्रम म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हटलं होतंस."

"अक्कोरं, मार्क कापा."

"सगळे कापले. चहा पी."

अकराला अजून दहा मिनिटं होती. रेवण मोबाइल घेऊन कोपऱ्यात उभा होता, काहीतरी दाबत होता. मग तो म्हणाला, "अव्वा, तिकीट पुन्हा छाप. कालचं फाटकं आहे." आणि छापायला तिच्या मशीनकडं पाठवलं.

मशीननं घुर्र केलं. कागद बाहेर आला, कोमट, गुळगुळीत. दसऱ्यानंतरचं हे पहिलं खरं काम. गाडीचा नंबर पुरा, डबा, वेळ. नीलव्वानं सवयीनं पट्टी उचलली आणि मग ठेवली, कारण मोजायला काही नव्हतंच. एकच नाव होतं. रेवणचं. खालची ओळ कोरी.

जिंकल्यावर माणसाला आनंद व्हावा. तो झालाच, नाही असं नाही. पण त्या कोऱ्या ओळीकडं बघताना मनात आलं, दसरा संपला, घर पुन्हा एकटीचं, आणि पोरगं गाडीत एका बाकावर बसून जाणार. तिनं कागदाची चार वेळा घडी घातली आणि त्याच्या वरच्या खिशात कोंबली.

"न्हाणीघरात दांडी बसवून घेतोय कोट्रेशकडून," रेवण तिच्याकडं न बघता म्हणाला. "आणि दानव्वाला सांगितलंय, रोज ताक मागायला यायचं. दोनदा."

"तिला ताक आवडत नाही रे. त्या दिवशी पाहुणे होते."

"मग शिकेल प्यायला."

तो गेला. मशीन चाललं, वारसाचे अर्ज झाले, दानव्वा दोन वेळा ताक नेऊन तिच्या मांजराला घालू लागली. सकाळचा फोन रोज येत होता, आणि रोज तीच वाक्यं: पडली नाहीस ना, जेवलीस ना.

दिवाळीच्या आधी एका मंगळवारी फोन आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ. आता नीलव्वाचा जीव वर खाली व्हायला लागला. मग मोबाइल टिणकला. फोटो होता. बेंगळुरूच्या त्याच्या ऑफिसातल्या प्रिंटरचा कागद, त्यावर एकाखाली एक काळे डाग, आणि डागांच्या शेजारी नवीकोरी स्टीलची पट्टी ठेवलेली. खाली लिहिलं होतं: 'अव्वा, इथले मेकॅनिक म्हणतात ड्रम. मला चौऱ्याण्णव येतंय. बघ ना.'

नीलव्वानं फोटो मोठा केला. गिऱ्हाइकांची रांग लागली होती. तिनं सगळ्यांना हातानं थांबवलं, चष्मा पुसला, आणि एका बोटानं सावकाश लिहिलं:

'पट्टी तिरकी धरलीयस. पुन्हा मोज.'